आयआयटीतील मुलींच्या जागांविषयी खुलासा

आयआयटीने मुलांच्या जागा कमी करून त्या मुलींना दिल्या आणि मुलींना जेईई अॅडव्हान्स्ड ही प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण न होताच प्रवेश मिळतो, असा मजकूर सध्या फिरत आहे. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

२०१६ मध्ये आयआयटींच्या बी.टेक. वर्गांत मुलींचे प्रमाण जेमतेम ८ टक्क्यांच्या आसपास होते. ते वाढावे म्हणून आयआयटी मंडीचे तत्कालीन संचालक टिमोथी गोन्सालव्हिस यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार २०१८ पासून अधिसंख्य जागा, म्हणजेच मंजूर जागांच्या वर निर्माण केलेल्या जादा जागा, सुरू करण्यात आल्या, आणि मुलींच्या प्रमाणाचे उद्दिष्ट १४, १७ व २० टक्के असे २०२० पर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आले. मुलांना आधी उपलब्ध असलेल्या जागांची संख्या घटू नये, हेच या रचनेचे मूळ सूत्र होते.

परीक्षा सर्वांना एकच, प्रश्नपत्रिकाही तीच, आणि गुणवत्ता यादीत येण्यासाठी त्या-त्या प्रवर्गातील मुलामुलींना किमान गुणांची अटही समान आहे. मुलींसाठीच्या जागांचा अखेरचा क्रमांक, म्हणजे शेवटचा प्रवेश मिळालेल्या विद्यार्थिनीचा गुणवत्ता यादीतील क्रमांक, बऱ्याच शाखांमध्ये मुलांपेक्षा खाली जातो, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. मात्र तिथे प्रवेश घेणारी प्रत्येक विद्यार्थिनी जेईई अॅडव्हान्स्ड उत्तीर्णच असते. तिला ‘फुकटची जागा’ मिळाली म्हणणे हा तिच्या कष्टांवर अन्याय आहे, म्हणून हा मजकूर कृपया पुढे पाठवू नये.