‘२१ दिवसांत आयबीएस मुळापासून बरा’ या फॉरवर्डला उत्तर

काल रात्री आत्याचा फोन. "अगं, लघवी लालसर होतेय दोन दिवस, पण त्या मेसेजमध्ये लिहिलंय ना की विष बाहेर पडतं म्हणून, मग चूर्ण चालूच ठेवू का?" हे ऐकलं आणि डोकंच फिरलं. मी मेडिकल चालवते, त्यामुळे हा मेसेज दाखवून "ताई, यातलं काय काय मिळेल तुमच्याकडे" असं विचारणारे रोज येतात, प्रत्येकाला तिथल्या तिथे समजावतेही, पण आता घरातच आलाय तर एकदा सगळं लिहूनच टाकते.

ज्यांच्याकडे अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सोनामुखी, गुळवेल, सुंठ, ओवा, हिंग, हळद, सैंधव समप्रमाणात घ्या, रोज रात्री दोन चमचे कोमट पाण्यातून. आयबीएस (इरिटेबल बाउल सिंड्रोम, म्हणजे वारंवार पोट दुखणं आणि त्यासोबत जुलाब किंवा बद्धकोष्ठता), गॅसेस, अपचन, जुनाट बद्धकोष्ठता २१ दिवसांत मुळापासून जाणार. सुरुवातीला जुलाब होतील, लघवी गडद होईल, घाबरू नका, विष बाहेर पडतंय. साइड इफेक्ट शून्य. परदेशी संशोधनाने सिद्ध. चालू गोळ्या बंद करा, दुर्बिणीची तपासणी करू नका, ते पैसे काढायचे धंदे आहेत. आणि खाली एक नंबर, तयार पुडी हवी असेल तर.

आधी ते विषाचं बघू कारण सगळ्यात घातक तेच आहे.

जुलाब होतात ते सोनामुखीमुळे. तिच्यात सेनोसाइड्स असतात, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांचं रूपांतर अशा द्रव्यात करतात की आतडं जोरात आकसायला लागतं आणि पाणी शोषून घ्यायचं कमी करतं, म्हणून पातळ होते. एवढंच घडतं. बाहेर पडतं ते पाणी आणि क्षार, त्यात मुख्य म्हणजे पोटॅशियम. लघवी लालसर किंवा तपकिरी होते तीसुद्धा सोनामुखीतल्या रंगद्रव्यामुळे होऊ शकते, विषाचा काही संबंध नाही. आता माझी आत्या बीपीची जी गोळी घेते तिच्यात लघवी वाढवणारं औषध आहे, त्या गोळीनेही पोटॅशियम कमी होतं. वरून रोज रात्री दोन चमचे जुलाबाचं चूर्ण. पोटॅशियम फार खाली गेलं की अंगातली ताकद जाते, पायात गोळे येतात, हृदयाचे ठोके चुकायला लागतात. हे त्या मेसेजमध्ये कुठे आहे? सोनामुखीचं औषध आम्ही विकतो, कधीमधी अडलं तर चांगलं काम करतं, पण युरोपच्या औषध नियामक संस्थेचा सल्ला आहे की डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय एक-दोन आठवड्यांपेक्षा जास्त घेऊ नये. हे म्हणतायत २१ दिवस, तेही घरगुती चमच्याने.

अजून एक गोष्ट जी लिहिणाऱ्याच्या लक्षातही आलेली नाही. आयबीएसच्या पेशंटमध्ये एक मोठा गट असा असतो की ज्यांना जुलाबाचाच त्रास आहे, सकाळी चार वेळा जावं लागतं, प्रवासाला निघायची भीती वाटते. त्यांनाही हेच चूर्ण? ज्याला आधीच पातळ होतंय त्याला रोज रात्री सोनामुखी द्यायची आणि मग अजून पातळ झालं की म्हणायचं विष निघतंय! आयुर्वेद थोडासा शिकलेला माणूसही हे करणार नाही, ग्रहणी म्हणजे वारंवार पातळ होण्याचा आजार वेगळा आणि मलावष्टंभ म्हणजे बद्धकोष्ठता वेगळी, दोन्हींची औषधं वेगळी, हे कुठलाही वैद्य सांगेल.

आणि ते "लघवी गडद झाली तर घाबरू नका" हे वाक्य तर फारच वाईट आहे, कारण गडद लघवी हे काविळीचं सुरुवातीचं लक्षण असतं आणि त्याच चूर्णात गुळवेल आहे. २०२० च्या शेवटी शेवटी, कोरोनात सगळे काढे पीत होते तेव्हा, मुंबईत सहा पेशंट लिव्हरला सूज घेऊन आले, सगळ्यांच्या पोटात गुळवेल गेलेली होती, २०२१ मध्ये ते छापून आलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची गल्लत झाली असेल. बरं, तसं धरून चाला, मग कुंपणावरची वेल तोडून आणणाऱ्या माणसाला ही गल्लत कशी कळणार? गुळवेल घेणाऱ्या प्रत्येकाला असं होतं असं मी म्हणत नाहीये, बहुतेकांना होत नाही. पण ज्याला होईल त्याच्यासाठी गडद लघवी हीच पहिली सूचना असणार आणि मेसेज त्याला सांगतोय की तिकडे लक्ष देऊ नकोस. आत्याला म्हटलं चूर्ण आत्ताच्या आत्ता बंद, उद्या पोटॅशियम आणि लिव्हरची टेस्ट.

तयार पुडीबद्दल एवढंच सांगते की वर कंपनी नाही, लायसन नंबर नाही, घटक नाहीत अशी पुडी पोटात घालू नका. अमेरिकेत २००८ मध्ये ऑनलाइन विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली होती, साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक सापडलं. आणि शिशाची विषबाधा कशी दिसते, तर पोटात कळा आणि बद्धकोष्ठता.

आता "परदेशी संशोधनाने सिद्ध". हे कुठून आलंय ते मला माहितेय, थायलंडमध्ये हळदीचा अभ्यास झाला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, आपल्या पेपरांतही बातमी होती की हळद ॲसिडिटीच्या गोळीइतकीच गुणकारी. अभ्यास खरा आहे. पण तो आयबीएसवर नव्हता, फंक्शनल डिस्पेप्सियावर होता, म्हणजे वरच्या पोटातली जळजळ, जडपणा, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं होणं. आणि दिली ती फोडणीची हळद नव्हे, दिवसाला दोन ग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य द्रव्य, कॅप्सूलमधून. आपल्या हळदीत कर्क्युमिन शंभरात तीन-चार भाग, म्हणजे हिशोब करा किती हळद खावी लागेल. शिवाय त्यात औषध नसलेल्या गोळीचा गट ठेवलाच नव्हता, मग हळद आणि ओमेप्राझोल (ती ॲसिडिटीची गोळी) दोन्ही सारखी ठरली याचा अर्थ दोन्ही गुणकारी की दोन्हीत फारसं काही नाही, हे त्यातून कळत नाही. सुंठीचंही अर्धवट सत्य आहे, तैवानमध्ये ११ पेशंटवर बघितलं तर जठर लवकर रिकामं झालं, पण त्रास काही कमी झाला नाही. हिंग, ओवा, सैंधव जेवणात घालतो तेवढं घाला की, कोण नको म्हणतंय.

पण खरं सांगायचं तर मला चीड या गोष्टीची जास्त येते की परदेशाचं नाव घ्यायची गरजच नव्हती, आपल्याकडे यावर खूप आधी नीट काम झालंय आणि ते या फॉरवर्डवाल्यांना माहीतच नाही. १९८९ मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये आयबीएसच्या १६९ पेशंटचा अभ्यास आला होता. तीन गट केले, एकाला बेल आणि ब्राह्मीचं औषध, दुसऱ्याला तेव्हाची नेहमीची औषधं अधिक इसबगोल, तिसऱ्याला प्लासिबो म्हणजे औषध नसलेलं औषध, आणि कोणाला काय दिलंय हे ना पेशंटला माहीत ना डॉक्टरांना. बेल-ब्राह्मीने ६४.९ टक्के लोकांना बरं वाटलं, नेहमीच्या औषधांनी ७८.३ टक्के, प्लासिबोने ३२.७ टक्के. म्हणजे वनस्पतीने काम केलं, विशेषतः जुलाबवाल्यांत. याचा मला अभिमानच आहे. पण पुढचं वाचा: सहा महिन्यांहून जास्त काळ लक्ष ठेवल्यावर दिसलं की त्रास परत होऊ न देण्याच्या बाबतीत दोन्ही औषधं प्लासिबोपेक्षा सरस नव्हती. ना बेल, ना गोळ्या. आयबीएसचा स्वभावच असा आहे, येतो, जातो, परीक्षा किंवा घरातलं आजारपण आलं की परत डोकं वर काढतो. "२१ दिवसांत मुळापासून" हे वाक्य खोडायला हा एक अभ्यास पुरे आहे, आणि तो वनस्पतीच्या बाजूने बोलणारा अभ्यास आहे हे लक्षात घ्या.

त्यातला तो ३२.७ चा आकडाही परत बघा. औषध नसलेलं औषध घेऊन तीनातल्या एकाला बरं वाटलं. जगभर आयबीएसच्या अभ्यासात हे प्रमाण ३५-४० टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणून ग्रुपवर कोणी "मला गुण आला" लिहिलं की ते खोटं बोलतात असं मी म्हणत नाही, त्यांना खरंच बरं वाटलेलं असतं, पण त्यावरून चूर्ण चांगलं ठरत नाही. आणि याचा अर्थ दुखणं मनाचं असाही नाही, पोट खरंच दुखतं.

मान्य करायला हवं की वनस्पतींपैकी दोन गोष्टींना बऱ्यापैकी आधार आहे. एक इसबगोल, नेदरलँड्समध्ये २००९ मध्ये २७५ लोकांवर गव्हाच्या कोंड्याशी तुलना करून बघितलं, इसबगोलवाल्यांना फरक पडला, कोंडा खाणाऱ्यांतले बरेच जण त्रास वाढला म्हणून मध्येच सोडून गेले. दुसरं पुदिन्याच्या जातीतलं पेपरमिंट तेल, आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या कॅप्सूलमधून, ते आतड्याचे स्नायू सैल करतं, तरी २०२० च्या डच अभ्यासात मुख्य निकषावर ते प्लासिबोपेक्षा ठळकपणे पुढे गेलं नाही. आणि या दोन्हींपैकी एकही त्या मेसेजमध्ये नाही!

राहिली दुर्बीण. हे अर्धं खरं आहे, प्रत्येक पोटदुखीला कोलोनोस्कोपी लागत नाही. तीन महिने आठवड्यातून एकदा तरी पोट दुखतंय, त्याचा शौचाशी संबंध आहे, शौचाची वेळ किंवा स्वरूप बदललंय, सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची, आणि धोक्याची खूण एकही नाही, तर डॉक्टर थोड्याशा तपासण्यांवर आयबीएस म्हणू शकतात. पण शौचावाटे रक्त, आपोआप वजन उतरणं, हिमोग्लोबिन कमी, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, सतत ताप, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यातलं काहीही असेल तर तपासणी टाळू नका, आपल्याकडे आतड्याचा टीबीसुद्धा असू शकतो. मग २१ दिवस थांबायचं नाही आणि चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. एमडीकडे जा नाहीतर शिकलेल्या वैद्याकडे जा, पण पोट हाताने दाबून बघणारा आणि कागदावर स्वतःचं नाव लिहून औषध देणारा माणूस समोर हवा.