बेदाण्याचा लष्करी वापर होत नाही, असं लिहून द्या

रशियाला माल पाठवायचा विचार करताय? अवश्य पाठवा. मुहूर्त चांगला आहे. अमेरिकेने ऑगस्ट 2025 मध्ये आपल्या मालावर 50 टक्के आयातशुल्क बसवलं, तेव्हापासून ‘नव्या बाजारपेठा शोधा’ हे वाक्य दिल्लीच्या मंत्र्यांपासून तालुक्याच्या चर्चासत्रात शाल-श्रीफळ घेणाऱ्या पाहुण्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. मध्यंतरी आमच्या तासगाव भागातल्या बेदाणेवाल्यांनाही असाच एक पाहुणा ‘युरेशियाची दारं उघडली आहेत’ असं सांगून गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जरा कमी वाजवल्या, कारण त्या दारातून आत गेलेल्या माझ्या कंटेनरचे पैसे तेव्हाही बँकेत अडकलेले होते आणि आजही आहेत. तेव्हा सल्ले द्यायचा अधिकार मला आहे असं समजून पुढे वाचा.

सगळ्यात आधी आकडे पाठ करा. भारत-रशिया व्यापार 2021-22 मध्ये 13 अब्ज डॉलरचा होता, 2024-25 मध्ये 68.7 अब्जांचा झाला. 2030 पर्यंत 100 अब्ज करायचे ठरलेत. इथे टाळ्या घ्यायच्या आणि थांबायचं. याच काळात आपली निर्यात सव्वातीन अब्जांवरून 4.9 अब्जांवर गेली, बाकी सगळा फुगवटा तिकडून येणाऱ्या मालाचा आणि त्यातही मुख्यतः कच्च्या तेलाचा, हे चहा-बिस्किटांच्या आधी बोलू नये. आयोजकांना वाईट वाटतं.

मग मुक्त व्यापार कराराची वाट पाहा. घाई करू नका, सरकारही करत नाही. रशिया, बेलारूस, कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि आर्मेनिया या पाच देशांचा युरेशियन आर्थिक संघ 2015 पासून आहे. सुमारे 18 कोटी लोक, सीमाशुल्क एकच. म्हणजे एकाशी बोललं की पाचही देशांत सवलत. जून 2017 मध्ये सेंट पीटर्सबर्गला आपण ‘वाटाघाटी सुरू करू या’ असं संयुक्त निवेदन काढलं. त्यानंतर 20 ऑगस्ट 2025 ला मॉस्कोत, वाटाघाटी कोणत्या विषयांवर करायच्या, त्या कागदावर (‘टर्म्स ऑफ रेफरन्स’) सह्या केल्या. मधली आठ वर्षं कुठे गेली, असं विचारणाऱ्याला निर्यातदार म्हणत नाहीत, विरोधक म्हणतात.

दरम्यान व्हिएतनामचा करार 2016 मध्येच लागू झाला. सर्बियाचा 2021 मध्ये. इराणचा 15 मे 2025 ला. संयुक्त अरब अमिरातीने जून 2025 मध्ये मिन्स्कला सही केली, मंगोलियानेही त्याच दिवशी. डिसेंबरात इंडोनेशियाही सही करून मोकळा झाला. आता माझ्या धंद्यापुरतं बघा. रशियन दुकानात बेदाण्याच्या पाकिटासाठी माझी स्पर्धा कोणाशी? इराणशी आणि उझबेकिस्तानशी. उझबेकिस्तान तर जुन्या सोव्हिएत देशांच्या मुक्त व्यापार क्षेत्रातला, त्याचा माल समरकंदहून ट्रकने निघतो आणि शुल्क न भरता पोचतो. इराणलाही आता करार मिळाला. मला ‘टर्म्स ऑफ रेफरन्स’ मिळालेत. खरेदीदाराला तेच पाठवून दिले. म्हणाला, भावात किती कमी करणार?

सगळ्या कागदांवर कंपनीचं नाव एकाच स्पेलिंगने लिहा. एका ठिकाणी टिंब राहिलं तर कंटेनर राहिला.

रुबलचा भाव रात्री झोपताना बघू नका.

मार्ग निवडताना देशप्रेम दाखवा आणि आंतरराष्ट्रीय उत्तर-दक्षिण मार्गच मागा. न्हावा शेवाहून बंदर अब्बास, तिथून अख्खा इराण चढून कॅस्पियन, पलीकडे आस्त्राखान, मग मॉस्को. 7,200 किलोमीटर. नकाशावर फार देखणा दिसतो. भारत, इराण आणि रशियाने त्याच्यावर सह्या केल्या 12 सप्टेंबर 2000 ला. त्या दिवशी जन्मलेलं पोर आता बोहल्यावर चढायला आलं, पण इराणमधला रश्त ते अस्तारा हा 162 किलोमीटरचा रेल्वेचा तुकडा काही पुरा झाला नाही. जून 2022 मध्ये या मार्गाने रशियाहून दोन कंटेनर लाकडी लॅमिनेट निघालं, तर इतिहास घडल्यासारख्या बातम्या आल्या. दोन कंटेनर! आमच्याकडे एका शीतगृहाच्या दारात हंगामात याहून जास्त माल चढतो. एप्रिल 2025 मध्ये बंदर अब्बासला स्फोट झाला, जूनमध्ये इराण-इस्रायल युद्ध झालं. सुएझने पाठवायचं म्हटलं तर तांबड्या समुद्रात 2023 च्या नोव्हेंबरपासून जहाजांवर हल्ले करणारे येमेनचे हुथी बंडखोर बसलेत. मग आफ्रिकेला वळसा. माल पोचवण्याची व्यवस्था करणारा फॉरवर्डर आता भाडं सांगताना स्वतःच आधी ‘सॉरी’ म्हणतो, एवढा तो सुसंस्कृत झालाय.

‘भरवशाचा पुरवठादार’ अशी देशाची प्रतिमा जपा. कांद्याचं मी इथे काढत नाही. लासलगावकर वाचत असतील, उगाच कशाला.

आता पैसे.

खरेदीदार प्रामाणिक निघाला तर हुरळून जाऊ नका. माझा प्रामाणिक आहे. माल पोचला, रंग पसंत पडला, त्याने पैसे पाठवले. त्याची स्वतःची बँक निर्बंधांच्या यादीत, म्हणून किर्गिझस्तानात, बिश्केकमधल्या भागीदार कंपनीकडून पाठवले. करारात हे आधीच लिहिलेलं होतं, तिघांच्या सह्या होत्या. निर्यातीचे पैसे तिसऱ्याकडून यायला रिझर्व्ह बँक अटींवर परवानगी देते. अटी पुऱ्या केल्या. मग आमच्या बँकेने कागद मागायला सुरुवात केली. बीजक दिलं. शिपिंग बिल दिलं. बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाजाची मालपावती, उत्पत्तीचा दाखला, मालाला कीड-रोग नसल्याचा फायटोसॅनिटरी दाखला. जहाजाचा ओळख क्रमांक, म्हणजे आयएमओ नंबर. जहाज वाटेत ज्या बंदरांना लागलं त्यांची यादी. खरेदीदाराचे भागधारक कोण? त्या भागधारकांचे भागधारक कोण? बिश्केकच्या कंपनीची पाटी नकाशावर का दिसत नाही? आणि मग एक दिवस मेल आला की सदर माल ‘ड्युअल यूज’ म्हणजे नागरी-लष्करी अशा दुहेरी वापराच्या प्रकारात मोडत नाही, त्याचा लष्करी वापर होऊ शकत नाही, असं लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावं.

बेदाण्याचा.

शाखेत गेलो. टेबलापलीकडचा मुलगा गरीब बिचारा. म्हणाला, “काका, फॉरमॅटच आहे तसा, सगळ्यांकडूनच घेतो.” म्हटलं, “अरे, पण दुहेरी वापर होतो की याचा. शिऱ्यात घालतात, खिरीतही घालतात.” तो हसला, मीही हसलो, आणि दिलं लिहून. आम्ही याद्वारे जाहीर करतो की थॉम्पसन द्राक्षांपासून शेडमध्ये रॅकवर सुकवलेला हा हिरवा बेदाणा क्षेपणास्त्रात बसत नाही. असं नाही लिहिलं, पण अर्थ तोच. तो कागद हेड ऑफिसला गेला. हेड ऑफिसमधून ‘कम्प्लायन्स’ला, म्हणजे नियम पाळले का हे तपासणाऱ्या विभागाला गेला. कम्प्लायन्सला फोन नसतो, कम्प्लायन्सला नाव नसतं, त्याच्याकडून फक्त ‘अंडर रिव्ह्यू’ येतं.

गेल्या आठवड्यात त्याच बँकेच्या दुसऱ्या टेबलाकडून मला पत्र आलंय: आपल्या या शिपिंग बिलाची रक्कम अद्याप वसूल झालेली दिसत नाही, तरी कारण कळवावे. मुदतीत वसूल न झाल्यास पुढील कारवाई वगैरे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2025 मध्ये ती मुदत 9 महिन्यांवरून 15 महिने केली म्हणून मी अजून चोर ठरलेलो नाही, त्याबद्दल आभार. पण पैसे अडवणारी बँक हीच आणि ‘पैसे का आले नाहीत’ म्हणून मला नोटीस देणारी बँकही हीच!

भीती मला कळते. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने हुकूम काढला की रशियाच्या युद्धसामग्रीच्या व्यवहाराला हात लावणाऱ्या परदेशी बँकांवरही निर्बंध आणू. आपल्या बँकांचा न्यूयॉर्कशी रोजचा संबंध, त्या घाबरणारच. मान्य. पण मग वर्षाला साठ अब्ज डॉलरच्या आसपास आयात होते, तिचे पैसे कसे जातात? तेलाच्या टँकरला ‘अंडर रिव्ह्यू’ लागत नाही? तिथे दिरहम सापडतो, रुबल सापडतो, सगळं सापडतं. पुतीन डिसेंबर 2025 मध्ये दिल्लीत येऊन सांगून गेले की दोन्ही देशांतले 96 टक्के व्यवहार आता राष्ट्रीय चलनांत होतात. उरलेल्या 4 टक्क्यांत माझा बेदाणा आहे.

रुपयाचं तर विचारूच नका. 11 जुलै 2022 ला रिझर्व्ह बँकेने रुपयात व्यवहार करायची सोय केली, व्होस्ट्रो खाती, म्हणजे परदेशी बँकांची आपल्या बँकांतली रुपयांची खाती, निघाली. मे 2023 मध्ये रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव गोव्यात बाणावलीला आले आणि म्हणाले, भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत, ते वापरायचे कसे? अहो, मला द्या की! मी तासगावात बसून रुपयेच मागतोय! घेणारा इथे, देणारा तिथे, पैसे दोघांच्या मधल्या बँकेत आणि माझ्या बँकेचं म्हणणं, तुमच्या खरेदीदाराच्या बँकेशी आमचं तसलं खातं नाही.

राहू द्या आता सल्ले.

वाणिज्य मंत्रालयात बसलेल्यांनो, कोणत्या बँकेची कोणती शाखा रशियाचे, कझाकस्तानचे, किर्गिझस्तानचे पैसे घेते, कोणत्या कागदांवर घेते आणि किती दिवसांत जमा करते, एवढं एक पान तुम्हाला छापता येत नाही? 100 अब्जांच्या गप्पा मारता, आणि जत-कवठेमहांकाळचा पोरगा पहिला कंटेनर पाठवायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘तुमची बँक कोणती’ म्हणून विचारत फिरतो. लाज वाटली पाहिजे. करार करा, जरूर करा, पण शुल्क शून्य झालं आणि पैसे वर्षभर अडकले तर व्याजातच सगळी सवलत जाते. हे कळायला अर्थतज्ज्ञ लागत नाही, तासगावच्या मार्केट यार्डातला कुठलाही अडत्या सांगेल.

‘डॉलरची सद्दी संपली’ म्हणून रोज सकाळी मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनो, तुम्हीही जरा गप्प बसा. तुमच्यापैकी एकाचेही पैसे तिकडे अडकलेले नाहीत.

आणि निर्यातदार मित्रांनो, आपलंही ऐका. हा त्रास नको म्हणून निम्मे जण दुबईच्या व्यापाऱ्याला माल देऊन मोकळे होतात. तो नाव बदलून तिकडेच विकतो आणि मधला नफा खातो. आता तर अमिरातीचा त्यांच्याशी करारही झालाय. एकत्र जाऊन बँकेच्या दारात बसायला मात्र कोणी तयार होत नाही. ‘तुम्ही पुढे व्हा, आम्ही आहोत.’ कुठे आहात?

राहता राहिलं ते पत्र. साहेब, कारण कळवणार नाही. ते तुमच्याच शाखेत, चार पावलांवरच्या टेबलावर पडलंय. उठा आणि विचारा.