मांसाचा ताजेपणा केवळ रंगावरून ठरवू नये

ताज्या गोमांसाच्या साठवणुकीवरील एक लेख वाचला; तो उपयुक्त आहे. मात्र ‘लालभडक रंग हीच ताजेपणाची खूण’ हे त्यातील विधान मला पटत नाही. स्नायूंतील मायोग्लोबिन या रंग देणाऱ्या प्रथिनाला ऑक्सिजन मिळाला की मांस लालभडक दिसते, निर्वात पाकिटात तेच जांभळट राहते आणि ऑक्सिडीकरणानंतर तपकिरी होते. यांपैकी कोणताही रंग एकटा जंतूंची संख्या सांगत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी असल्याने आमच्या खान्देशात म्हशीचे मांस विकले जाते, आणि ते मुळातच गडद असल्यामुळे ही कसोटी येथे अधिकच फसवी ठरते.

सामू (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) हे त्याहून भरवशाचे माप आहे. विसावलेल्या, निरोगी जनावराच्या मांसाचा सामू कत्तलीनंतर साधारण एका दिवसात ७ वरून ५.४ ते ५.८ पर्यंत उतरतो. परंतु लांबच्या वाहतुकीने थकलेल्या जनावराच्या स्नायूंत ग्लायकोजेन (साठवलेली साखर, जिच्यापासून कत्तलीनंतर आम्ल बनते) उरत नसल्याने तो ६ च्या वर राहतो, आणि असे मांस थंडाव्यात ठेवूनही लवकर नासते. म्हणून गुणवत्तेचा विचार जनावराच्या विश्रांतीपासूनच व्हायला हवा.

वासावरही विसंबणे धोक्याचे आहे, कारण दुर्गंधी जाणवेपर्यंत पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला कोटीच्या घरात जंतू झालेले असतात, आणि साल्मोनेलासारखे रोगजंतू तर वासाची सूचनाही देत नाहीत. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत मांस उघड्यावर टांगणे थांबवून ते ० ते ४ अंशांत ठेवावे, आणि खिमा शक्यतो त्याच दिवशी शिजवावा.