हक्कांचं धोरण वेबसाइटवर, दर मात्र खरेदी विभागात

कुठल्याही कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा. ‘मानवी हक्क’ या मथळ्याखाली हमखास वृक्षारोपण, रक्तदान शिबिर आणि शाळेला दिलेल्या बाकांचे फोटो. कामं चांगलीच आहेत, नाही कोण म्हणतंय? पण या विषयाशी त्यांचा संबंध नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने २०११ साली उद्योगांसाठी ३१ मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. बाहेर कितीही पुण्य कमावलं तरी स्वतःच्या धंद्यात कुणाचे हक्क तुडवले असतील तर त्याची भरपाई होत नाही, असं त्या तत्त्वांच्या भाष्यात स्पष्ट म्हटलंय.

माझ्या मते खरा प्रश्न खरेदी विभागात आहे. दर घासून पाडायचा, डिझाइन शेवटच्या आठवड्यात बदलायचं, माल पोचवायची तारीख मात्र तीच, आणि पैसे सवडीने. वर त्याच पुरवठादाराकडून ‘आम्ही सक्तीचा ओव्हरटाइम घेत नाही’ या कागदावर सही! तो बिचारा सही करतो आणि निम्मं काम पोटकंत्राटदाराकडे सरकवतो. तिथे कोण किती तास राबतंय हे कुणीच विचारत नाही.

कारखान्यांची तपासणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या ऑडिटवर माझा फारसा विश्वास नाही. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला सप्टेंबर २०१२ मध्ये आग लागली, अडीचशेहून जास्त माणसं गेली. खिडक्यांना गज, बाहेर पडायचे दरवाजे बंद. काही आठवड्यांपूर्वीच या कारखान्याला कामगारविषयक निकष पाळल्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं.

पुढच्याच वर्षी, २४ एप्रिल २०१३ ला, ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत कोसळली. अकराशेहून अधिक मृत्यू. भिंतींना तडे गेल्याचं आदल्या दिवशी सगळ्यांना दिसलं होतं. त्याच इमारतीतल्या बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना येऊ दिलं नाही. शिवणकाम करणाऱ्यांना मात्र पगार कापायची धमकी देऊन आत पाठवलं गेलं. धोका कामगारांना कळत होता, ‘मी आत जाणार नाही’ म्हणायची सोय नव्हती.

त्यानंतर बांगलादेशातल्या कपड्यांच्या कारखान्यांच्या सुरक्षेसाठी ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात जो करार झाला, तो म्हणून मला महत्त्वाचा वाटतो. कायद्याने बंधनकारक, तपासणी अहवाल जाहीर, धोकादायक जागी काम नाकारायचा हक्क. आणि दुरुस्ती कारखान्याला परवडेल हे पाहायची जबाबदारी ब्रँडवर. म्हणजे पैशाचा विषय एकदाचा टेबलावर आला.

लहान धंदेवाले म्हणतील, हे सगळं मोठ्यांचं. तसं नाही, संयुक्त राष्ट्रांची ती तत्त्वं सगळ्यांनाच लागू आहेत, फक्त यंत्रणा ऐपतीप्रमाणे. मुकादमाने मजुराकडून भरतीचे पैसे घेतले का, त्याची कागदपत्रं कुणी ठेवून घेतली का, हे विचारायला सल्लागार लागत नाही. फक्त मुकादमासमोर विचारू नका.

आणि पुरवठादाराकडे गैरप्रकार सापडला की लगेच ऑर्डर रद्द करून मोकळं होणाऱ्या कंपन्यांचं मला कौतुक वाटत नाही. त्यांचं नाव स्वच्छ राहतं, मजुराचा थकलेला पगार मात्र बुडतो. आधी तो पगार मिळवून द्या, सुधारायला मुदत द्या. तरीही समोरचा बधला नाही, तर खुशाल निघा, पण कामगारांचं पुढे काय होणार ते बघून.