ओटीपी दिला नाही म्हणजे पैसे सेफ? कोण म्हणालं?

आमच्या फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड परत आलाय. "ओटीपी कुणाला सांगू नका, मग खात्याला कुणी हात लावू शकत नाही. कुलूप दिसणारी लिंक बिनधास्त उघडा. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन केला तर धोका नाही. आणि गेलेच तर बँक २४ तासांत भरून देते." हेतू चांगलाय हो, पण पहिल्या अर्ध्या वाक्यानंतर सगळंच गंडलंय.

ओटीपी सांगू नका हे शंभर टक्के बरोबर. पण चोराला तो तुमच्या तोंडून ऐकायची गरजच कुठे राहिलीय? व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका नाहीतर आरटीओचं चलन म्हणून एपीके फाईल (म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाईल) येते, माणूस टॅप करतो, फोन विचारतो अनोळखी ॲप टाकू का, आपण घाईत हो हो करत जातो, मग ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, तीही दिली की ओटीपी आला रे आला थेट त्याच्याकडे. आमच्या सोसायटीतल्या एका काकांचं हेच झालं, बिचारे शेवटपर्यंत म्हणत होते "अरे मी कुणालाच नंबर सांगितला नाही". खरंच नव्हता सांगितला! दुसरी युक्ती कुरियरवाल्याची. पार्सल अडकलंय, *४०१* लावून पुढे हा नंबर डायल करा म्हणतो, की तुमचे कॉल त्याच्याकडे वळलेच, कॉलवर येणाऱ्या ओटीपीसकट. (शंका असेल तर ##००२# डायल करा, सगळं फॉरवर्डिंग बंद होतं.)

कुलपाचा अर्थ एवढाच की तुमचं आणि त्या साईटचं बोलणं मधल्या कुणाला वाचता येत नाही. साईटच चोराची असली तर? कुलूप दिसायला साईटला जे सर्टिफिकेट लागतं ते फुकटातही मिळतं, आणि लोक कुलपाचा भलताच अर्थ काढतात म्हणून गुगलने २०२३ मध्ये क्रोमच्या ॲड्रेस बारमधून ते काढूनच टाकलं. बघायचाच तर पत्ता बघा, तोही सुरुवातीचं https:// सोडून येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या (/) लगेच आधीचा भाग, कारण सुरुवातीला बँकेचं नाव कुणीही चिकटवतो. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन वर जायला सांगितलं होतं, त्यामुळे केवायसीची लिंक डॉट एक्सवायझेडवर नेत असेल तर तिथेच बंद करा.

क्यूआरचं काय बोलायचं. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागतच नाही, विचारला म्हणजे पैसे तुमचेच चाललेत.

आणि ते २४ तास कुठून आणले देव जाणे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात चूक ना तुमची ना बँकेची असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर भार नाही असं म्हटलं होतं, पण माहिती तुम्हीच दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, ट्रान्झॅक्शन नंबर हाताशी ठेवून, मग बँकेला. पैसे पुढच्या खात्यात पडून असतील तोवर अडवता येतात, कुणी एटीएममधून काढले की अवघड.