डॉल्फिनच्या कपाळातला फुगवटा आणि कानात घालायचं तेल

परभणीत बसून डॉल्फिनवर लिहायचं म्हणजे जरा अतिच. आमचं पाणी म्हणजे जायकवाडीचा डावा कालवा, तोही आवर्तन सुटलं तर. पण महिनाभरात एकच मेसेज चार ग्रुपवर आला आणि परवा मामांचा फोन आला, "अगं, तू बायोलॉजी शिकवतेस ना, आबांच्या कानासाठी ती बाटली मागवू का?" आबा म्हणजे मामांचे सासरे, त्यांना ऐकू कमी येतं.

मेसेजचं म्हणणं असं: डॉल्फिनच्या कपाळाचा फुगवटा म्हणजे त्याचा मेंदू, माणसाहून मोठा. त्याला कान नसतात, तो मेंदूनेच ऐकतो. कपाळात चरबी असली तरी ती साधीच, उपासमारीसाठी साठवलेली. आणि तिचं तेल दोन थेंब कानात सोडलं की बहिरेपण जातं.

मेंदूचं अर्धं खरं आहे. बॉटलनोज डॉल्फिनचा मेंदू दीड किलोच्या पुढे भरतो, आपला १.३ ते १.४ किलो. पण तो मागे, कवटीच्या आत. फुगवटा कवटीच्या पुढे, हाडाबाहेर बसलेला असतो. त्याला मेलन म्हणतात आणि तो जवळजवळ सगळा चरबीचा.

आता या चरबीला "साधी" म्हणणं. आपल्या घरात तूप थंडीत गोठतं, खोबरेल गोठतं, करडईचं तेल मात्र वाहतं राहतं. म्हणजे सगळी चरबी एक नव्हे, हे स्वयंपाकघरातच कळतं. फरक रेणूंच्या साखळीचा. डॉल्फिनच्या कातडीखालच्या चरबीत मुख्यतः १४ ते २२ कार्बनच्या साखळ्या असतात. मेलनमध्ये आयसोव्हॅलेरिक आम्ल भरपूर, फक्त ५ कार्बनचं आणि शेवटी फाटा फुटलेलं. घामट मोज्यांचा वास ज्याचा, तेच हे. शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते डॉल्फिनच्या तेलातच शोधलं. ज्या माणसांच्या शरीरात जन्मजात दोषामुळे हे आम्ल साचतं, त्यांच्या जिवावर बेततं. डॉल्फिन मात्र ते चरबीत बांधून कपाळात ठेवतो.

कशासाठी? डॉल्फिन टिकटिक आवाज काढतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून समोरची वस्तू ओळखतो. या चरबीतून आवाज हळू जातो. समुद्राच्या पाण्यात त्याचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर, मेलनच्या गाभ्यात १३०० च्या आसपास. गाभ्यात हे आम्ल जास्त, कडेकडे कमी होत जातं, तसा वेग वाढत जातो. आवाज नेहमी हळू वाटेकडे वळतो. त्यामुळे नाकपुडीखालच्या ओठांसारख्या पडद्यांतून निघालेली टिकटिक इकडेतिकडे न पसरता पुढे झोतासारखी जाते. बॅटरीच्या भिंगाचं काम हे, फक्त भिंग चरबीचं.

उपासमारीचं म्हणाल तर उलटंच आहे. खंगून किनाऱ्याला लागलेल्या डॉल्फिनची कातडीखालची चरबी झिजलेली असते, मेलन मात्र शाबूत. दुष्काळात घरात दाणा नसला तरी बियाण्याच्या पोत्याला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही.

कान नसतात हेही चूक. बाहेरची पाळी नसते. डोळ्यामागे टाचणीएवढं छिद्र असतं, पण ते फारसं कामाचं नाही. आतला कान मात्र तल्लख. आपण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, बॉटलनोज दीड लाखाच्या आसपास. आवाज तिथवर पोचतो खालच्या जबड्यातून. जबड्याचं मागचं हाड पातळ आणि पोकळ, आत पुन्हा तीच चरबी भरलेली, थेट कानाच्या हाडापर्यंत. सागरी जीवशास्त्रज्ञ केनेथ नॉरिस यांनी १९६० च्या दशकात हे मांडलं तेव्हा विचित्रच वाटलं असणार. १९८८ मध्ये प्रयोग प्रसिद्ध झाला: डोळे झाकलेल्या डॉल्फिनच्या खालच्या जबड्याला आवाज अडवणारं आवरण चढवलं, तर वस्तू ओळखताना तो चुकू लागला. आवाज जाऊ देणारं आवरण असताना अशी अडचण आली नाही.

राहिली बाटली. वरचं सगळं चालतं ते थरांच्या रचनेवर, गाभा कुठे आणि कड कुठे यावर. चरबी वितळवली की रचना गेली, उरलं दुर्गंधी तेल. शिवाय डॉल्फिनला आवाज मिळतो पाण्यातून, आपल्याला हवेतून. आपल्या कानाच्या नळीत तेल भरलं तर हवेची वाट बुजते आणि होतं तेवढंही ऐकू येत नाही; पडद्याला भोक असेल तर पू होण्याची भीती वेगळी. बाटलीत खरोखर काय आहे ते विकणाराच जाणे. खरं असेल तर भानगड आणखी मोठी: १९७२ च्या वन्यजीव कायद्याने डॉल्फिनला संरक्षण आहे, गंगेतला डॉल्फिन, म्हणजे सुसू, तर २००९ पासून राष्ट्रीय जलचर. त्याची चरबी मासे पकडायला आमिष म्हणून वापरतात, त्यापायीही तो मारला जातो.

मामांना एवढंच सांगितलं की बाटली मागवू नका. रविवारी मी गाडी घेऊन येते, आबांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेऊ.