ताइहापेचा बूट आणि आमची चप्पल

न्यूझीलंडमध्ये पामर्स्टन नॉर्थहून गाडीने ऑकलंडकडे निघालं की दीडेक तासात ताइहापे येतं. चहाला थांबायचं गाव. मेंढ्यांचं, शेतकऱ्यांचं, एके काळी रेल्वेचं. इथे बघण्यासारखं काय, तर हायवेच्या कडेला उभा केलेला अवाढव्य गमबूट. जेफ थॉमसन या शिल्पकाराने तो पन्हाळी पत्र्याचा केलाय, आपल्याकडे गोठ्यावर टाकतात तसल्या. १९८५ पासून इथे ‘गमबूट डे’ साजरा होतो, बूट लांब भिरकावायच्या शर्यती लागतात, आणि गाव स्वतःला खुशाल ‘जगाची गमबूट राजधानी’ म्हणवून घेतं.

आई आली होती तेव्हा तिला तिथे उभं केलं. “बुटापाशी कसला रे फोटो?” म्हणाली, आणि डोक्यावर त्याची सावलीसुद्धा पडू नये अशी बाजूला सरकली. फोटोत आई एका कडेला, बूट दुसऱ्या कडेला, मधे नुसतं गवत.

हा फोटो आठवायचं कारण आमचा घरचा व्हॉट्सअॅप ग्रुप. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा ग्रुपवर नुसता जाळ झाला होता. कोल्हापुरीला २०१९ मध्ये मिळालेलं जीआय (भौगोलिक निर्देशांक) मानांकन ज्यांना तोवर माहीतही नव्हतं, तेही त्याचे दाखले देत होते. पुढे प्राडाने भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं आणि राग निवला. तेवढ्यात मावसभावाने पिल्लू सोडलं: पुणे-बंगळूर हायवेवर, कागलच्या बाजूला, एक भलीमोठी कापशी, म्हणजे कोल्हापुरीचाच एक प्रकार, उभारूया. झालं! “चपलेचं स्मारक? लाज आहे का?” कालपर्यंत अस्मिता असलेली चप्पल एका रात्रीत पुन्हा पायातली झाली.

मी मावसभावाच्या बाजूचा. आपल्याकडे उंच काही उभारायचं तर ते पूज्यच असावं लागतं. मग उंची किती, खर्च किती, आधी कुणाचं, यावरून वर्षानुवर्षं वाद. ताइहापेच्या बुटाला कुणी हार घालत नाही, त्यामुळे त्याची विटंबनाही होत नाही. पोरं त्याला टेकून आइस्क्रीम खातात.

पण तिथलं सगळं जसंच्या तसं इकडे चालेल, असंही मला वाटत नाही. गमबूट कारखान्यात निघतो. ताइहापेचे लोक हसतात ते चिखलात राबणाऱ्या स्वतःवरच. कापशीमागे मात्र बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडं कमावणारे, वादीने तळ शिवणारे हात आहेत, आणि त्या हातांची जात आहे. ग्रुपवरची ‘लाज’ नुसत्या पायांची नव्हती. हे मी लिहिलं तर दोघांनी लाइकचा अंगठा टाकला, एका काकांनी विषय बदलून पावसाचा व्हिडिओ टाकला.

म्हणून कागलला चप्पल उभी राहिलीच तर खाली उद्‌घाटकाच्या नावाची पाटी नको. ती चप्पल करणाऱ्यांची नावं हवीत, आडनावांसकट.

मावसभावाची अडचण वेगळीच. “एकच उभारायची की जोड?” त्याने विचारलं. ताइहापेत एकच बूट आहे. डावा की उजवा, हे इतक्या वेळा थांबूनही मी बघितलेलं नाही.